उतारवयातलं घर : प्रस्तावना

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येते. या गावाच्या शिवारात विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं हस्तांतर झालं. गोदावरी परुळेकर यांच्या नावाच्या सहकारी संस्थेची ही घरं. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या बायांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. वृद्धांच्या निवाऱ्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या वाचकाला मी वृद्धाश्रमाच्या आधी इथे आणेन.

कारण साधं आहे. २००६ मध्ये चाळिशीत असलेली विडी कामगार आज साठीत आहे. पानं कातरून, विड्या वळून तिची पाठ धरली आहे, नजर अधू झाली आहे. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. त्यात औषधं आणि खोलीभाडं दोन्ही बसणं शक्य नाही. पण घर तिच्या नावावर असेल, तर मुलगा-सून तिच्या घरात राहतात. भांडण झालं तर पिशवी भरून बाहेर पडायची वेळ तिच्यावर येत नाही. कुठे राहायचं हा प्रश्न साठीनंतर समोर येतो खरा; त्याचं उत्तर मात्र वीस-पंचवीस वर्षं आधी, घराच्या कागदावर कुणाचं नाव चढलं यात बरंचसं ठरून गेलेलं असतं. या विषयाकडे मी याच बाजूने पाहतो, आणि वाचकानेही पाहावं असं मला वाटतं.

याच कुंभारीत पुढे रे नगर उभं राहू लागलं. तीस हजार घरांच्या या प्रकल्पातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक यांना मिळाली. एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी हजारो कष्टकरी कुटुंबं स्वतःच्या घरात आली आहेत. ती म्हातारी होताना काय घडतं याची नोंद आजपासून ठेवली, तर वीस वर्षांनी आपल्या हाती अमोल ऐवज असेल. मोठं सरकारी रुग्णालय शहरात, वस्ती शहराबाहेर. रात्री छातीत दुखायला लागलं तर वाहन कोण आणणार, इथून ती नोंद सुरू करता येईल.

शहराच्या पूर्व भागात वेगळंच चित्र दिसतं. साखर पेठ, दाजी पेठ या भागांतल्या पद्मशाली कुटुंबांत घर आणि माग एका छपराखाली असायचे, काही ठिकाणी अजून आहेत. म्हातारा माणूस मागावर बसू शकला नाही तरी कांड्या भरतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, दुपारी शेजाऱ्याशी तेलुगूत चार गोष्टी करतो. मुलगा त्याला जुळे सोलापुरातल्या हवेशीर फ्लॅटमध्ये प्रेमाने नेतो. तिथे खडखडाट नसतो आणि त्याला करण्यासारखं कामही नसतं. खोल्यांचं क्षेत्रफळ मोजणाऱ्या पाहणीत हे नुकसान कधी दिसत नाही.

ते दिसावं म्हणून सिद्धांत लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमो यांनी १९७३ मध्ये मांडलं, की माणसाची ताकद आणि त्याच्या परिसराने टाकलेला भार यांचा मेळ बसला तर म्हातारपण सुसह्य होतं. सोलापुरात याचा अर्थ लगेच कळतो. उजनीचं पाणी अनेक भागांत काही दिवसांच्या अंतराने येतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. नळ आला की तासाभरात पिंप भरायचं, तेही वरच्या मजल्यावर असेल तर जिन्याने घागरी चढवायच्या. पंचाहत्तरीच्या बाईला त्या घरात राहणं जमेल की नाही, हे तिच्या गुडघ्यांइतकंच पालिकेच्या पाण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं.

अनेक वृद्धांची मुलं पुण्यात, हैदराबादेत. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड रोझेनमायर आणि एवा कोकाइस या अभ्यासकांनी १९६३ सालीच दाखवलं होतं, की वृद्धांना मुलं जवळ हवीत, पण एकाच चुलीवर असायलाच हवीत असं नाही. म्हणूनच पुण्यातल्या ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींना पैसेवाल्या मध्यमवर्गातून मागणी आहे, आणि २०२४ मध्ये महारेरा या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, उतार, रुंद दारं यांचे निकष घालून दिले. त्यांचा उपयोग आहेच. पण सोलापुरातल्या बहुतेक म्हाताऱ्यांसाठी अशा वसाहती हा पर्याय नाही. घर तारण ठेवून दरमहा पैसे देणारी रिव्हर्स मॉर्गेज योजना २००७ मध्ये आली. सामायिक वाड्यांच्या आणि अडकलेल्या सातबाऱ्यांच्या मुलखात तिचा फारसा उपयोग नाही.

कायद्याशी मात्र प्रत्येक अभ्यासकाने ओळख करून घ्यावी. महाराष्ट्रात राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. इतक्या स्वस्तात आई-वडील आपला हातचा आधार घालवतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, की सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अट कागदात लिहिली नसेल तर लढाई अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अट सिद्ध करण्यावर भर दिला, जानेवारी २०२५ च्या निकालात वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावला. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे गरीब वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाचीही तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात तिचं काय झालं, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

या विषयात यायला पदवी लागत नाही. परिचारिका, वास्तुरचनाकार, वकील, सोसायटीचे सचिव, विद्यापीठातले विद्यार्थी, सगळ्यांचं इथे स्वागत आहे. सुरुवात आपल्याच गल्लीत करा. साठीपुढच्या माणसाला विचारा: घर कुणाच्या नावावर आहे, पाणी कोण भरतं, रात्री दार वाजवलं तर कोण उघडेल. उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. आणि बक्षीसपत्रावर सही करायला निघालेलं कुणी भेटलं, तर सांभाळाची अट त्यात आधी लिहून घ्यायला सांगा.