तण मोजणारा माणूस

मार्च लागला की माझ्यातला शेतकरी जागा होतो. बाल्कनीतल्या कुंड्यांची माती उकरायची, शेणखताची पिशवी आणायची आणि पाकिटावरच्या लालबुंद टोमॅटोचा फोटो बघत बिया टोचायच्या. यंदा वीसेक टोचल्या असतील. उगवल्या किती? माहीत नाही. उगवून मेल्या किती? तेही माहीत नाही. शेवटी जी तीन रोपं तगली, त्यांचे फोटो मात्र मित्रांना पाठवून झाले!

दिवसभर ऑफिसात लॉग फाइल्स चाळणारा माणूस घरी इतका बेहिशेबी कसा, याची लाज वाटली ती चार्ल्स डार्विनमुळे.

डार्विन म्हटलं की आपल्याला बीगल जहाज, गॅलापागोस बेटं, महाकाय कासवं वगैरे आठवतं. पण ती सफर १८३६ साली संपली होती. १८४२ मध्ये तो लंडनजवळच्या केंट परगण्यात डाऊन नावाच्या गावी बिऱ्हाड घेऊन आला आणि १८८२ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथातले काही फार महत्त्वाचे आकडे चक्क या घरातून आणि परसातून आलेत. आणि काम काय, तर तुम्ही-आम्ही करतो तेच. बिया पेरणे, तण उपटणे, माती भिजवून ठेवणे. फरक एवढाच, की तो मोजत होता.

तर प्रश्न असा होता, की समुद्रात दूरवर असलेल्या बेटांवर मुख्य भूमीवरच्याच वनस्पती कशा पोचल्या? एडवर्ड फोर्ब्स या निसर्गतज्ज्ञाने १८४६ मध्ये सांगितलं होतं की पूर्वी अटलांटिकमध्ये जमीन होती, वनस्पती तिच्यावरून चालत गेल्या आणि मग ती बुडाली. डार्विनला हे पटत नव्हतं. प्रत्येक अडचणीला एकेक बुडालेला भूखंड काढायचा म्हणजे जरा जास्तच! बिया समुद्रातून वाहत गेल्या असतील, हे त्याला जास्त साधं वाटत होतं. पण खाऱ्या पाण्यात बी जगतं का? गंमत म्हणजे हे धडपणे कोणी तपासलंच नव्हतं.

१८५५ च्या वसंतात त्याने घरीच मिठाचं पाणी तयार केलं आणि छोट्या बाटल्यांत बिया भिजत घातल्या. मुळा, कोबी, गाजर, कांदा, लेट्यूस, सेलरी आणि आळीव. हो, आपले डिंकाच्या लाडवांचे भाऊबंद, बाळंतिणीच्या लाडवांतले आळीव! ते भिजवल्यावर किती बुळबुळीत होतात हे आपल्याकडे कुठलीही आजी सांगेल; डार्विननेही ते नोंदवून ठेवलंय. कोबी आणि मुळ्याच्या बाटल्यांना तर असह्य घाण वास सुटला. पण आठवड्याने बिया पेरल्या आणि त्या उगवल्या!

त्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर या प्रयोगाबद्दल साशंक होता. डार्विनने पहिलं यश त्याच्यापासून मुद्दाम लपवलं. का, तर "जेवढी रोपं उगवतील तेवढी मी खाऊन दाखवीन" अशी पैज हूकरने मारावी, ही आशा. डार्विनची पोरंही रंगात आली होती. बाबा हूकरकाकांना हरवणार का, हे ती सारखी विचारायची.

आणि मग मे महिन्यात या सगळ्यावर पाणी पडलं. हूकरने शंका काढली असावी असं वाटेल, पण मुद्दा इतका साधा होता की लहान मुलालाही कळावा: भिजवलेल्या बिया बुडतात! तळाशी बसलेलं बी कितीही चिवट असलं तरी पलीकडच्या किनाऱ्याला लागणार कसं? एवढे दिवस या कृतघ्न बियांना मी उगाच खारवत बसलो, अशा अर्थाचं त्याने हूकरला लिहिलं. हा प्रसंग वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं. सगळ्या टेस्ट पास, आणि नंतर कळतं की टेस्ट चुकीच्या गोष्टीची केली!

पण त्याने प्रयोग फेकून दिला नाही. बी एकटं कशाला वाहत जाईल? पुरात वाळक्या फांद्या फळांसकट समुद्रात जातातच की. मग त्याने ९४ वनस्पतींच्या पिकल्या फळांच्या फांद्या वाळवून पाण्यात सोडल्या. त्यातल्या १८ जातींच्या २८ दिवसांपेक्षा जास्त तरंगल्या. बियांच्या प्रयोगात ८७ पैकी ६४ जाती २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही उगवल्या होत्या. दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करा, साधारण १४ टक्के येतात. अटलांटिकमधले प्रवाह दिवसाला सरासरी ३३ मैल, म्हणजे २८ दिवसांत ९२४ मैल. भूखंड बुडवायची गरजच नाही!

सगळंच जमलं असं नाही. माशांनी बिया गिळाव्यात, मासे बगळ्याने खावेत आणि बगळा उडत दूर जावा, असा एक भारी प्लॅन होता. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीतल्या माशांना बिया भरवल्या, तर त्यांनी त्या जोरात थुंकून टाकल्या. पुढे एकदा तळ्याकाठचा तीन मोठे चमचे चिखल आणून त्याने अभ्यासिकेत झाकून ठेवला. सहा महिने, उगवेल ते रोप उपटायचं आणि मोजायचं. एकूण ५३७ रोपं, आणि सगळा चिखल न्याहारीच्या एका कपात मावला होता! पाणपक्ष्यांच्या पायाला चिकटून किती बिया जात असतील, त्याचा हा अंदाज.

पण माझा सगळ्यात आवडता प्रयोग १८५७ चा. तीन फूट बाय दोन फूट जमीन खणून साफ केली. पेरलं काहीच नाही. जे तण आपोआप उगवेल त्यातल्या प्रत्येक अंकुराला खूण करायची, आणि तो मेला की नोंद करायची. बस्स. डार्विनची समजूत होती की रोपं मरतात ती मुख्यतः दाटीमुळे, एकमेकांना गुदमरवून. इथे तर दाटी नव्हतीच. तरी १२ एप्रिलला तो हूकरला कळवतो, की आत्ताच ५९ गेली, गोगलगायी आणि मंडळींच्या पोटात. अखेरचा हिशेब: उगवली ३५७, मेली २९५. शंभरातली जवळजवळ त्र्याऐंशी.

लक्षात घ्या, जगण्यासाठीच्या झगड्याची कल्पना त्याच्या डोक्यात १८३८ पासून होती. आपल्याला उत्तर माहीत आहे असं समजून तो गप्प बसू शकला असता. पण गुडघे टेकून बघितल्यावर त्याची स्वतःचीच समजूत थोडी चुकीची निघाली, आणि ते त्याने मित्राला लगेच कळवलंही.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उरलेली ६२ रोपं बघून कोणालाही वाटलं असतं की वसंतात सगळीकडे कशी हिरवाई फुललीय! निसर्ग किती दयाळू! जे गेलं ते दिसत नाही, कारण गेलेलं मागे काही ठेवत नाही. ते दिसायला कोणीतरी आधीच खूण करून ठेवावी लागते. आपणही तगलेल्या कंपन्या, जमलेले प्रोजेक्ट्स, यशस्वी लोक बघून धडे काढत बसतो. बाकीचे २९५ कुठे गेले, कशाने गेले, हे विचारायचं राहूनच जातं.

असो. काल दोन कुंड्यांत पुन्हा बिया टोचल्या आणि टूथपिकचा डबा बाल्कनीत नेऊन ठेवला. प्रत्येक अंकुराला एक काडी. काडी उभी आणि रोप गायब, असं दिसलं की वहीत एक रेघ. बायको म्हणाली, "टोमॅटो बाजारातूनच आणूया ना?"

आणूच. पण या वेळी किती मेले ते तरी कळेल!