रसमड़ा, दऱ्या आणि इंटरनेटचे मूळ: नावांचा कारभार कोणाच्या सल्ल्याने चालतो?

हावडा–मुंबई लोहमार्गावर दुर्ग सोडून नागपूरच्या दिशेने निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात एक लहान स्थानक लागते. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या औद्योगिक पट्ट्यातले हे गाव. त्याचे नाव हिंदीत ‘रसमड़ा’ असे लिहितात. ‘ड’च्या खाली एक टिंब आहे, नुक्ता. मराठीत ते टिंब लिहिण्याची रीत नाही, त्यामुळे मराठी माणूस सहज ‘रसमडा’ लिहून मोकळा होतो. रोमन लिपीत तर त्या एका अक्षराचे कधी ‘डी’ होते, कधी ‘आर’. टपालवाल्याला किंवा तिकीट तपासनिसाला याने काही अडत नाही. संगणकाला मात्र अडते. त्याच्या लेखी ‘रसमड़ा’ आणि ‘रसमडा’ ही दोन वेगळी नावे आहेत, आणि इंटरनेटवर दोन वेगळी नावे दोन वेगळ्या मालकांची असू शकतात.

या एका टिंबाचे काय करायचे, हे कोणी ठरवायचे? इंटरनेटच्या नावांच्या कारभाराचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

प्रारंभी नावे इतकी थोडी होती की एक यादी पुरत असे. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील गट ती फाइल सांभाळी आणि जाळ्यावरील प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. संगणक वाढले तशी यादी लांबली आणि प्रती मागे पडू लागल्या. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यादीच्या जागी झाडाची कल्पना मांडली. वर एक मूळ, त्याखाली मोठ्या शाखा, त्याखाली उपशाखा, आणि प्रत्येक शाखेने आपल्यापुरती नावे सांभाळायची. हीच डोमेन नेम प्रणाली. आजही प्रत्येक नाव उजवीकडून डावीकडे वाचत ही प्रणाली मुळापासून पानापर्यंत उतरते.

या झाडाला एक जुना नियम चिकटून आला. यंत्रांच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि संयोगरेघ एवढेच चालेल, असा तो नियम. तेव्हाच्या जाळ्यावरील जवळजवळ सगळे व्यवहार इंग्रजीत होते, म्हणून तो कोणाला खटकला नाही. त्यात कोणाला वगळण्याचा हेतू नव्हता. परंतु सोयीपुरता केलेला नियम हजारो यंत्रांत रुजला की तो बदलणे राज्यघटना बदलण्याइतके अवघड होते. जगातील बहुसंख्य लिप्यांची वाट पुढील पंचवीस वर्षे या नियमाने अडवली.

भारताची शाखा, म्हणजे डॉट इन, १९८९ मध्ये या झाडाला फुटली. तिची व्यवस्था बरीच वर्षे मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. नियम कडक होते आणि १९९२ ते २००४ या काळात सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली. जानेवारी २००५ पासून हा कारभार ‘निक्सी’ अर्थात नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाच्या हाती नव्या, खुल्या धोरणासह आला आणि नोंदणी झपाट्याने वाढली. नाव कोणाला मिळेल, हे तंत्रज्ञानाइतकेच धोरण ठरवते, हा धडा त्यातून मिळाला.

मुळाची किल्ली मात्र भारताबाहेरच होती. अनेक वर्षे जॉन पोस्टेल हे शास्त्रज्ञ दक्षिण कॅलिफोर्नियातून अमेरिकी सरकारच्या कराराखाली हे काम पाहत. नावांना बाजारभाव आला तसे एका माणसाच्या विश्वासावर चाललेले काम अपुरे पडू लागले. सप्टेंबर १९९८ मध्ये त्यासाठी ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात नोंदवली गेली. पुढच्याच महिन्यात पोस्टेल यांचे निधन झाले. आयकॅनची रचना वेगळी होती. सरकारे, नोंदणी कंपन्या, तंत्रज्ञ, सामान्य वापरकर्ते अशा सर्वांचे गट, आणि कोणतेही धोरण ठरण्यापूर्वी मसुदा जाहीर करून जगभरातून अभिप्राय मागवण्याची पद्धत. अंतिम देखरेख मात्र अमेरिकी सरकारची राहिली.

हे अनेक देशांना मान्य नव्हते. २००३ मध्ये जिनिव्हा आणि २००५ मध्ये ट्यूनिस येथे भरलेल्या माहिती समाजविषयक जागतिक परिषदांत हा वाद उघड झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंटरनेट धोरणासाठी स्वतंत्र समिती नेमण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात सरकारांना मध्यवर्ती स्थान होते. देशातील तंत्रज्ञ आणि नागरी संघटनांतूनच त्यावर टीका झाली. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, भारताने बहुपक्षीय सहभागाच्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. हा केवळ मुत्सद्देगिरीतला बदल नव्हता. भाषेचा आणि लिपीचा प्रश्न सरकारी प्रतिनिधीच्या एका मतदानाने सुटत नाही. त्यासाठी ती लिपी रोज वापरणारी माणसे टेबलाशी बसावी लागतात, हे दरम्यानच्या काळात दिसून आले होते.

ते कसे दिसले, हे पाहण्यासाठी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पुरेत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. आचार्यास दिलेला मान आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी यांतही हाच भेद आहे. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही, मराठी, कोकणी आणि नेपाळीला पडते. संगणकावर तो उमटवण्याचा एक जुना मार्ग म्हणजे र आणि हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकणे. २००३ मध्ये बिगर-रोमन डोमेन नावांचे पहिले प्रमाण आले. त्यात मुळाचा जुना नियम न मोडता एक युक्ती केली होती. देवनागरी नाव ‘पनीकोड’ पद्धतीने रोमन अक्षरांत आणि अंकांत गुंडाळायचे, यंत्रांनी ती गुंडाळी वाचायची आणि माणसाला पडद्यावर देवनागरी दिसायची. आज ‘भारत’ ही शाखाही मुळाच्या यादीत अशीच बसली आहे: एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि त्यापुढे एच-२-बी-आर-जे-९-सी.

युक्ती नामी होती, पण २००३ च्या प्रमाणात अदृश्य चिन्हे नाव गुंडाळण्यापूर्वीच काढून टाकली जात. परिणामी त्या जुन्या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा गुपचूप ‘दर्या’ होई. डोंगरातल्या गावाने नाव नोंदवावे आणि पत्ता समुद्राचा निघावा, असा हा प्रकार. २०१० च्या सुधारित प्रमाणाने ते चिन्ह ठरावीक जागी चालू दिले. दुसरा, अधिक भक्कम मार्गही होता. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. तो वापरला तर अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही.

रसमड़ाच्या ‘ड़’ची गोष्ट याच्या उलट आहे. युनिकोडमध्ये ‘ड़’लाही एक स्वतंत्र क्रमांक आहे, पण प्रमाणीकरणाच्या नियमानुसार तो कायम ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन तुकड्यांत फोडला जातो. डोमेन नावात तो एकसंध क्रमांक चालत नाही. म्हणजे शेजारच्या दोन भाषांची दोन अक्षरे: एक एकसंध राहूनच टिकते, दुसरे फुटूनच टिकते. पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. न दिसणाऱ्या या भेदातच फसवणुकीला वाव असतो.

आयकॅनने नोव्हेंबर २००९ पासून देशांच्या शाखा त्यांच्या लिपीत देण्यास सुरुवात केली. मे २०१० मध्ये अरबी लिपीतील पहिल्या शाखा मुळात दाखल झाल्या. ‘डॉट भारत’ची देवनागरी नोंदणी २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुली झाली, मराठी आणि कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी. आज वेगवेगळ्या लिप्या आणि भाषांतील भारताच्या अशा शाखा १५ आहेत.

देशनामापलीकडच्या शाखांसाठी अधिक काटेकोर नियम हवे होते. आयकॅनने २०११ मध्ये सहा लिप्यांचा अभ्यास करवला. देवनागरी त्यांपैकी एक. २०१३ मध्ये कार्यपद्धती ठरली. प्रत्येक लिपीचे नियम त्या लिपीच्या समाजातून आलेल्या मंडळाने लिहायचे आणि तज्ज्ञांच्या दुसऱ्या मंडळाने ते तपासून एकत्र गुंफायचे. ब्राह्मीतून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी २०१५ मध्ये नव-ब्राह्मी मंडळ काम करू लागले. अजय डाटा, पुण्याच्या सी-डॅकमधील महेश कुलकर्णी आणि भाषाशास्त्रज्ञ उदय नारायण सिंह हे त्याचे सहअध्यक्ष. सी-डॅकच्या पुण्यातील गटाला भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचा १९८० च्या दशकापासूनचा अनुभव होता.

मंडळापुढचे प्रश्न दिसायला किरकोळ होते. नुक्ता कोणत्या अक्षरांखाली चालेल? देवनागरीतील ट, ठ आणि गुरुमुखीतील ट, ठ इतके सारखे दिसतात, तर त्यांतून होणारी जुळी नावे दोन वेगळ्या मालकांना द्यावीत का? मुळाच्या नियमांत अदृश्य चिन्हे, अंक आणि संयोगरेघ यांना जागा नव्हती. मग मराठीचा अर्धा ‘र’ कसा वाचवायचा? मसुदा २०१८ मध्ये जाहीर अभिप्रायासाठी ठेवला गेला आणि २०१९ च्या जुलैत देवनागरीचे नियम मुळाच्या संहितेत दाखल झाले. ‘ऱ’ त्यात आहे. नुक्ताही आहे, ठरावीक अक्षरांपुरता. या कामात एक तत्त्व कसोशीने पाळले गेले. वगळलेले अक्षर पुढे घेता येते, पण एकदा घेतलेले अक्षर काढता येत नाही, कारण त्यावर कोणाचे तरी नाव उभे राहिलेले असते.

दरम्यान मुळाची मालकीच बदलली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने देखरेख सोडण्याचा मनोदय जाहीर केला आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून तो करार संपुष्टात आला. त्यानंतरची आयकॅनची पहिली सभा नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबादला भरली. वर कोणी सरकार उरले नाही, तेव्हा समुदायाचा सल्ला हाच कारभाराचा आधार ठरला.

म्हणूनच आयकॅनची पाचवर्षीय धोरण आराखड्याची प्रक्रिया महत्त्वाची. त्यासाठी आधी समुदायाच्या गटांकडून येऊ घातलेले बदल नोंदवून घेतात, मग मसुदा लोकांपुढे ठेवतात. २०२१ ते २०२५ च्या आराखड्याची पाच उद्दिष्टे यातूनच आली: सुरक्षितता, कारभाराची पद्धत, नावे आणि पत्ते यांची प्रणाली, भूराजकीय ताण आणि आर्थिक स्थैर्य. पुढचा आराखडा १ जुलै २०२५ पासून पाच वर्षांसाठी लागू आहे. सर्व लिप्यांतील नावे सर्वत्र चालावीत हा विषय या प्राधान्यक्रमात किती वर राहतो, यावर देवनागरी नावांचे भवितव्य बरेचसे अवलंबून आहे. नाव नोंदवले तरी अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी ई-मेल पत्ता अजूनही ‘अवैध’ म्हणून परत करतात. मुळाने स्वीकारलेले नाव पान नाकारते.

या सल्लामसलतीचे एक कोडे कायम आहे. दार सर्वांना उघडे आहे, पण आत बोलली जाते ती मुख्यतः इंग्रजी. महत्त्वाच्या कागदपत्रांची भाषांतरे होतात ती बहुतांशी संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत. त्यांत हिंदी नाही, मराठी नाही. देवनागरीच्या भवितव्यावरील मसुदा देवनागरीत वाचता येत नाही.

याचा अर्थ काय, हे पुन्हा दुर्ग-राजनांदगावच्या पट्ट्यात उतरून पाहावे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १८५४ पर्यंत होता, आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानीही नागपूरच होती. हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी येथे एकाच लिपीत शेजारी नांदतात. छत्तीसगढी ही राज्याची राजभाषा आहे, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मराठीला ‘ऱ’ मिळाला, कारण मागणी करणारे लोक मंडळात होते. ज्या भाषेचा माणूस त्या टेबलाशी नसेल, तिचे अक्षर राहून गेले तर ते लक्षात येण्यासही वर्षे लागतील.

मुळाचे नियम सर्वांत वरच्या शाखांना लागू होतात. त्याखालील ‘रसमड़ा’ आणि ‘रसमडा’ ही दोन नावे एकाची मानायची की दोघांची, हे त्या शाखेची नोंदवही सांभाळणारी संस्था ठरवते. भारताच्या शाखेपुरती ती दिल्लीत बसते आणि तिला आपल्या भाषेत पत्र लिहिता येते. त्या टिंबाबद्दल बोलायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या गावाचे नाव आपण कसे लिहितो, एवढे ठाऊक असले तरी चर्चेला सुरुवात होऊ शकते.