नाच्याचा संसार : ‘नटरंग’ आणि त्यामागचा इतिहास

पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे मराठी रंगभूमीने कधीच कमीपणाचे मानले नाही, असे विधान आपल्याकडे वारंवार केले जाते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ बालगंधर्वांचे नाव घेतले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. संगीत नाटकापुरते ते खरे आहे. तमाशाच्या फडाला ते लावू गेल्यास कोलमडते. या दोन परंपरांमधील अंतर कशामुळे पडले, याचा विचार करण्याची चांगली संधी रवी जाधव यांच्या दोन चित्रपटांनी दिली आहे. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ प्रदर्शित झाला आणि २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ आला. पहिल्यात एक शेतमजूर तमाशात नाच्या होतो आणि त्याचे घर मोडते. दुसऱ्यात नारायण श्रीपाद राजहंस नावाचा गायक नट भामिनी, रुक्मिणी, सिंधू होतो आणि महाराष्ट्र त्याला डोक्यावर घेतो. दोन्ही नायकांच्या पत्नीची भूमिका विभावरी देशपांडे यांनीच केली आहे. हा योगायोग असेलही. पण चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला एकच स्त्री दोन निरनिराळ्या घरांत एकटी पडलेली दिसते, आणि रंगमंचाचा इतिहास घरातून पाहिला तर कसा दिसेल हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. पुढे भाऊराव कोल्हटकरांनी आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामागे केवळ अभिनयगुण नव्हता. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर येणे अशक्य होते, म्हणून पुरुषाने तिची जागा घेणे हा नीतीला धरून असलेला तोडगा ठरला. त्याला पुराणकथेचे आणि रागसंगीताचे पाठबळ होते, संस्थानिकांचा आश्रय होता. ‘बालगंधर्व’ ही उपाधीच लोकमान्य टिळकांच्या नावाशी जोडली गेली आहे. कुलीन घरांतील स्त्रिया या नटाच्या लुगड्याची नेसण आणि केशभूषा उचलीत. रंग उतरवल्यावर मात्र तो पुन्हा नारायणराव होई. वेष संपूर्ण होता, म्हणूनच तो संपूर्णपणे उतरवताही येत होता.

१२ मार्च १९११ चा प्रसंग सर्वश्रुत आहे. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी दगावली आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. हा प्रसंग कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितला जातो. पण तो सांगण्याची रीत पाहिली, तर तिच्यातून वेगळेच काही साधले जाते असे दिसेल. शोक गिळून कर्तव्याला उभा राहणारा हा बाप शालू नेसून भामिनी झालेला असला, तरी कथनात तो पुरुषार्थाचाच नमुना ठरतो. स्त्रीवेषाने त्याच्या पुरुषत्वाला बाध येण्याऐवजी ते अधिकच दृढ झाले. त्या दिवशी घरी राहिलेल्या आईविषयी या कथेत फारसे काही नसते.

तमाशातील नाच्याच्या वाट्याला असे काही आले नाही. जुन्या तमाशात स्त्रीवेषात नाचणारा पोऱ्या हाच नृत्याचा आधार असे. विसाव्या शतकाच्या आरंभकाळात पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळेसारख्या स्त्रिया बोर्डावर उभ्या राहिल्या आणि नाच्याचे मूळ प्रयोजनच संपले. तो नाहीसा झाला नाही. त्याचे रूप बदलले. गौळणीतील मावशी पुरुषच करीत राहिला आणि नाच्या नाचणारणीच्या जोडीला विनोदासाठी उभा राहू लागला. आता तो कोणालाही स्त्री वाटत नव्हता, आणि वाटावा अशी अपेक्षाही नव्हती. कमरेवर हात, मुरडणारी मान, लाडिक आवाज आणि त्याखालचा उघड दिसणारा पुरुषी देह : हसू येई ते या विसंगतीचे. बालगंधर्वांचा प्रेक्षक समोर पुरुष आहे हे विसरून जात असे. नाच्याच्या प्रेक्षकाला ते विसरू दिले जात नाही. त्यामुळेच नाच्याचा वेष बोर्डावर उतरत नाही, तो त्याच्या मागोमाग घरापर्यंत जातो. मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिका अजरामर करणारे गणपत पाटील (त्यांचे निधन २००८ मध्ये झाले) हे चारचौघांसारखे संसारी गृहस्थ होते. तरी भूमिकेची छाया त्यांच्या आयुष्यावर पडलीच. पडद्यावरचा राजा पाहून त्या नटाला घरी कोणी राजा समजत नाही. नाच्याच्या बाबतीत मात्र प्रेक्षकाची ही जाण का सुटते, याचा आपल्या नाट्यसमीक्षेने पुरेसा विचार केलेला नाही.

‘नटरंग’ने तो केला आहे, आणि त्याचे मोठे श्रेय मूळ कादंबरीला आहे. आनंद यादव (१९३५–२०१६) हे कोल्हापूरजवळच्या कागलचे. त्यांच्या नायकाचे आडनावही कागलकर. ‘झोंबी’ या त्यांच्या आत्मचरित्रात्मक कृतीला १९९० चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला, तिच्यातील कष्टकरी जगच ‘नटरंग’मध्ये निराळ्या अंगाने येते. गुणा कुस्तीच्या तालमीत घडलेला गडी आहे, मोटेवर राबणारा आहे आणि तमाशाचा वेडा आहे. विहिरीवर विजेचा पंप बसतो आणि मोटेवरच्या माणसांची गरज उरत नाही. हा तपशील मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. ज्या शरीरबळावर गुणाचे पुरुषपण आणि त्याची भाकरी दोन्ही उभी होती, त्या बळाला गावात गिऱ्हाईक उरत नाही. त्यानंतर फड उभा राहतो. गुणाला करायचा असतो वगातला राजा. पण नाच्या नसेल तर फड चालणार नाही अशी अट पडते, आणि कोणीच तयार होत नाही तेव्हा तो स्वतः उभा राहतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी पैलवानाचे शरीर कमावले आणि मग ते उतरवले, याचे कौतुक पुष्कळ झाले. त्याहून अवघड गोष्ट त्यांनी साधली आहे : नाच्याची चाल अंगात मुरत असताना गुणाला तिची लाजही वाटते आणि तिच्यात आनंदही सापडतो. हे दोन्ही एकाच वेळी दिसते.

‘पिंजरा’ (१९७२) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाशी तुलना केली तर ‘नटरंग’चे वेगळेपण ध्यानात येते. तेथे आदर्श शिक्षक तमाशाच्या नादाने घसरत जातो आणि हाती तुणतुणे घेऊन उभा राहतो; फड हे अधःपाताचे स्थान आहे. येथे फड हे आकांक्षेचे स्थान आहे आणि घसरण असलीच तर ती गावाच्या व घराच्या नजरेत आहे. बाप तोंड फिरवतो, बायकोला चारचौघांत मान वर करता येत नाही. दारकीला चित्रपटाने खलनायिका केलेले नाही, हे त्याचे मोठेपण. तिच्यापाशी दुसरे काही नाही. नवऱ्याच्या पुरुषपणावरच तिची गावातली पत उभी आहे.

तरीही चित्रपटाचे धैर्य एका मर्यादेपाशी थांबते, हे नमूद करणे भाग आहे. गुणा हा ‘खरा’ पुरुष आहे याची ग्वाही तो पुनःपुन्हा देतो : कुस्ती, संसार, अपत्य, नैनाचे त्याच्याकडे ओढले जाणे. पुढाऱ्यांच्या वैरात सापडून त्याच्यावर जो अत्याचार होतो, त्याची भीषणताही बव्हंशी याच ग्वाहीवर उभी आहे. गुणा निर्दोष आहे, कारण तो केवळ अभिनय करतो. मग जो अभिनय करीत नाही, ज्याची चाल आणि आवाज मुळातच तसा आहे, त्याचे काय? त्याची बाजू या चित्रपटात कोणी घेत नाही. अखेरीस वृद्ध गुणाचा जाहीर सत्कार होतो. या चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्काराच्या चौकटीत कलावंत बसतो, नाच्या बसतो की नाही याविषयी मला शंका आहे.

२०१० मध्येच बंगालीत कौशिक गांगुली यांचा ‘आरेक्टि प्रेमेर गल्पो’ आला. जात्रेत स्त्रीभूमिका करून ‘चपल राणी’ म्हणून गाजलेले चपल भादुडी त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत, आणि त्यांच्या तरुणपणाची भूमिका ऋतुपर्ण घोष यांनी केली आहे. जात्रेतही स्त्रिया आल्या आणि असे नट मागे पडले. पवळेनंतरच्या नाच्याची आठवण व्हावी असाच तो इतिहास आहे. पण त्या चित्रपटात भादुडींकडे कोणी पुरुषपणाचा दाखला मागत नाही. आपल्या प्रेमाविषयी आणि त्या प्रेमाने दिलेल्या अवहेलनेविषयी ते कॅमेऱ्यासमोर बोलतात, आणि समोरचा दिग्दर्शक ऐकत राहतो.