आजोबांचा हर्फ

परवा भाचीने जपानीचं पुस्तक पुढे केलं. "मामा, पार्टिकलला मराठीत काय म्हणतात?"

जपानीत त्याला 'जोशी' म्हणतात, म्हणजे मदतनीस शब्द. (शेजारच्या जोशीकाकांना हे सांगायला हवं!) उदाहरणं होती 'तोक्यो कारा' म्हणजे टोकियोपासून, 'तोक्यो मादे' म्हणजे टोकियोपर्यंत. मी ऐटीत म्हटलं, "सोप्पं आहे, शब्दयोगी अव्यय!" पुढच्याच पानावर वाक्याच्या शेवटी येणारं 'ने' निघालं, आपल्या "बरं आहे ना?" मधल्या 'ना'सारखं. तेही जोशीच! माझं शब्दयोगी तिथेच अडलं.

आणि एकदम आजोबा आठवले.

आजोबा जालन्यात शिकले, निजामाच्या राज्यात. घरात मराठी, हायस्कूल मात्र उर्दूतून. त्या काळी वरचं शिक्षणही उर्दूतच होतं. १९१७ साली हैदराबादेत खास भाषांतराचं खातं निघालं, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ, आणि शास्त्रांची पुस्तकं परिभाषेसकट उर्दूत येऊ लागली. व्याकरणाला मात्र नवे शब्द लागले नाहीत, ते अरबीतून आयते आलेले. त्यात शब्दांच्या जाती तीनच: इस्म, फेल, हर्फ. नाव, क्रिया, आणि उरलेले सगळे जोडणारे, टेकू देणारे शब्द. ('फेल' म्हणजे नापास, असं आम्हा पोरांना वाटायचं.)

तिकडे मुंबई इलाख्यात दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालीच छापून झालं होतं. पुढे आपल्या शाळांत रुळल्या त्या आठ जाती, इंग्रजी व्याकरणाच्या वळणाच्या. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर जालन्याच्या शाळांतही हळूहळू त्याच आल्या.

आम्ही गृहपाठ घेऊन गेलो की आजोबा वही परत करायचे. "मला मराठीचं व्याकरण येत नाही रे." आणि आम्ही ते खरं मानलं. मराठी त्यांच्याइतकी नेमकी बोलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांचे खण तेवढे वेगळे होते, आमचे आठ, त्यांचे तीन.

हर्फाचं इंग्रजी भाषांतर 'पार्टिकल' असंच करतात. म्हणजे जे उत्तर मला आलं नाही, ते त्यांच्याकडे होतं. पण त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

भाचीला म्हटलं, "समासात लिहून ठेव, हर्फ. पणजोबांचा शब्द आहे."