कोणतं अक्षर?

इ.स.पू. 706, लू राज्य

तुम्ही च्वीफू नगरीत आहात, आजच्या शानतुंग प्रांतात. वर्षाचा नववा महिना. लूचा अधिपती ह्वान याला मुलगा झालाय, गादीचा वारस. कौल लावून निवडलेल्या एका सरदारानं बाळाला उचलून घेतलंय आणि त्याला दूध पाजण्याचा मान त्या सरदाराच्या बायकोचा आहे. राणी आणि घराण्यातल्या बायका जमल्या आहेत. आता बारसं.

ह्वान आपल्या शन श्यू नावाच्या अधिकाऱ्याला विचारतो, नाव ठेवायचं कसं? शन श्यू पाच वाटा सांगतो. जन्मतः अंगावर असलेली खूण, पुढे अंगी यावा असा गुण, कशाशी तरी असलेलं रूपसाम्य, एखाद्या वस्तूचं उसनं घेतलेलं नाव, नाहीतर वडिलांशी जुळणारी एखादी गोष्ट. मग तो वर्ज्य गोष्टी मोजतो: राज्याचं नाव, अधिकारपदाचं नाव, डोंगर आणि नद्या, रोग, पाळीव जनावरं, पूजेची भांडी आणि रेशमी वस्त्रं.

माणूस गेला की त्याचं नाव तोंडावर आणायचं नाही, अशी इथली रीत. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या पणज्या आठवा. इथे ते टाळायचं सगळ्या राज्यानं. अधिपतीला डोंगराचं नाव दिलं तर डोंगराचं नाव बदलावं लागतं. लूमधल्या दोन डोंगरांवर ही वेळ येऊन गेली आहे. जनावराचं नाव दिलं तर ते जनावर बळी देणंच बंद पडेल.

बापलेकांचा जन्मदिवस पंचांगात एकच निघतो. नाव ठरतं थुंग, म्हणजे 'सारखा'. आजच्या लिपीत हे अक्षर कुंचल्याच्या सहा फटकाऱ्यांत उमटतं: तीन बाजूंची चौकट, आत एक आडवी रेघ, रेघेखाली तोंडाचा चौकोन.

नाव ठेवण्याचा हा धडा इतका जुना आहे. आपलं नाव दुसऱ्यांना किती जड जाईल याचा विचार त्यात पहिल्यापासून आहे.

इ.स.पू. 64, चांगआन

हान सम्राट श्युआनच्या राजधानीत या. सम्राटाचं जन्मनाव बिंग-यी, 'दुखणं सरलं'. नाव प्रेमानं ठेवलेलं, पण यातली दोन्ही अक्षरं रोजच्या वापरातली. दुखण्याबद्दल अर्ज लिहायचा म्हटलं तरी सम्राटाचं नाव त्यात उतरतं आणि अर्जदार गुन्हेगार ठरतो. सम्राट फर्मान काढतो: लोक नकळत गुन्हेगार ठरताहेत याची मला कणव येते, म्हणून मी माझं नाव बदलतो. नवं नाव श्युन, सहसा कोणाच्या लेखणीत न येणारं अक्षर. दुर्मीळ अक्षर निवडणं हा इथे बडेजाव नाही, ती प्रजेची सोय आहे.

आता याच चांगआनमध्ये इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी या. गादीवर थांग घराणं आहे. ली हे नावाचा तरुण कवी राज्याच्या सर्वोच्च परीक्षेला बसू पाहतोय. परीक्षेच्या पदवीचं नाव जिन-शी आणि त्याच्या वडिलांचं नाव जिन-सू. दोन्हीतली 'जिन' ही अक्षरं वेगळी, सारखा आहे तो उच्चार. विरोधक तेवढ्यावर कोल्हेकुई करतात: वडिलांचं नाव ज्या पदवीत येतं ती मुलानं घ्यायची नाही! नामवंत लेखक हान यू त्याच्या बाजूनं खरमरीत लेख लिहितो. वडिलांचं नाव 'रन' असेल, तर मुलानं माणूसही व्हायचं नाही का, असा त्याचा सवाल आहे, कारण चिनीत माणसालाही रनच म्हणतात. युक्तिवाद बिनतोड, पण ली हेची परीक्षा हुकते ती हुकतेच. तिशी गाठण्याआधीच तो जातो.

चिनी भाषेत एकेका उच्चाराला डझनावारी अक्षरं आहेत. म्हणून नाव सुचलं की जाणती माणसं ते आडनावासकट मोठ्यानं म्हणून पाहतात. कानाला त्यातून आणखी काय ऐकू येतं, ते आधी तपासतात.

1047च्या सुमारास, मेइशान

आता सिचुआनमधल्या मेइशान गावी, सू श्युन याच्या घरी. दोन मुलगे आहेत: शी दहा-अकरा वर्षांचा, जे त्याहून दोनेक वर्षांनी लहान. दोघांची नावं अशी का ठेवली, हे सांगणारा एक लहानसा लेख बाप लिहितोय. त्याच्या खांद्यावरून पाहा.

दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला एकच घटक आहे, गाडी. वरून पाहिलेल्या गाडीचं ते चित्र: मध्ये बसायची चौकट, वर आणि खाली चाकाची एकेक आडवी रेघ, आणि शेवटी आसाची उभी रेघ वरपासून खालपर्यंत आरपार. सात फटकारे. उजवं अंग उच्चार सांगतं. थोरल्याच्या अक्षरात उजवीकडे 'शी' असाच उच्चार असलेलं सहा फटकाऱ्यांचं अक्षर बसलंय, एकूण तेरा. धाकट्याचं अक्षर दाट आहे, एकोणीस फटकाऱ्यांचं. बहुतेक चिनी अक्षरं अशीच घडतात: एक भाग अर्थाचा, एक उच्चाराचा. भावंडांच्या नावांत एकच घटक ठेवला की नातं डोळ्यांना दिसतं, कोणी सांगावं लागत नाही.

'शी' म्हणजे रथात पुढे हात टेकायला असलेला आडवा दांडा. त्याला काहीच काम नाही असं वाटतं, पण तो नसेल तर रथ पुरा होत नाही. बापाला धास्ती आहे की हा मुलगा स्वतःला झाकून ठेवणार नाही. 'जे' म्हणजे चाकोरी. गाड्या तिच्यावरूनच जातात, पण गाडीचं श्रेय तिला कोणी देत नाही. मात्र गाडी उलटली, घोडा मेला, तरी चाकोरीला इजा होत नाही. हा मुलगा निभावून नेईल, असं बापाला वाटतं.

थोरला पुढे चीनचा थोर कवी सू शी झाला. कवितांवरून 1079 साली तुरुंगात गेला, 1097 साली थेट हाइनान बेटावर हद्दपार झाला, 1101 साली वारला. झळ सू जेलाही लागली, पण तो सावरला आणि 1112पर्यंत जगला. बापानं मुलांचे स्वभाव ओळखून अक्षरं तोलली होती.

1939चा जानेवारी, चुंगकिंग

आता ओळखीची माणसं भेटतील. यांगत्से नदीकाठचं धुक्यात बुडालेलं चुंगकिंग, जपानशी युद्ध चालू असलेल्या चीनची राजधानी. भारतातून आलेले पाच डॉक्टर इथे थांबले आहेत: अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, बसू आणि मुखर्जी. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचे आहेत. वडील गेल्याची बातमी त्यांना याच शहरात मिळाली, तरीही ते परत फिरलेले नाहीत. लवकरच ही मंडळी येनान शहराकडे निघतील.

त्यांना चिनी नावं हवीत. कोटणीस हे नाव उच्चाराबरहुकूम लिहायचं तर चार अक्षरं लागतात, आणि असं नाव आयुष्यभर परकंच राहतं. म्हणून आधी आडनाव: 'को'च्या जवळचं 'के'. याच्या आसपासच्या उच्चारांत पाहुणा आहे, तहानलेलाही आहे. निवडलं जातं ते खरोखरच्या चिनी घराण्यांचं आडनाव असलेलं 'के': डावीकडे झाड, उजवीकडे उच्चार दाखवणारा घटक, अर्थ फांदी किंवा दांडा. नऊ फटकारे.

मग 'ट'साठी 'दी'. इथे निवड फार जपून करावी लागते. सुराच्या चढउतारानुसार 'दी' म्हणजे शत्रू, सखल, जमीन, सम्राट किंवा धाकटा भाऊ. निवडलेल्या 'दी'मध्ये डावीकडे पुन्हा झाडच आहे, बारा फटकाऱ्यांचं अक्षर, एका फुलझाडाचं नाव. तिसरं अक्षर पाचही डॉक्टरांना सारखंच मिळतं: ह्वा. त्याच्या माथ्यावर गवताचा घटक आहे. त्याचा अर्थ फूल, आणि चीन देशही.

के दी-ह्वा. वरून खाली लिहा आणि पाहा: फांदी, झाड, फूल. शिकलेल्या चिनी माणसाला याच्याही पलीकडचं ऐकू येतं. 'काव्यसंग्रह' या चीनच्या प्राचीन ग्रंथात भावांच्या मायेवर एक गीत आहे आणि ते याच झाडाच्या फुलापासून सुरू होतं. तेव्हापासून 'दी-ह्वा' म्हटलं की बंधुप्रेम. सोलापूरच्या तरुणाला चीनमध्ये जी हाक मिळाली, तिच्यात भाऊपण आहे.

ऑगस्ट 1942, गगुंग गाव

शेवटचा थांबा हपे प्रांतातल्या थांग तालुक्यात, युद्धभूमीलगत. के दी-ह्वा आता चिनी बोलतात, चिनीतून शिकवतात, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख आहेत. त्यांना आणि परिचारिका क्वो छिंग-लान यांना 23 तारखेला मुलगा झालाय. सेनानी न्ये रुंग-जन नाव सुचवतात: यिन-ह्वा. 'यिन' हे चिनीत भारताच्या नावाचं पहिलं अक्षर, 'ह्वा' वडिलांच्या नावातलं. दोन अक्षरांत दोन देश, शिवाय बापलेकांचा दुवा.

9 डिसेंबरला कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस. यिन-ह्वाही 1967 साली, वैद्यकशास्त्र शिकत असतानाच वारला. बापलेकांच्या आयुष्याची दोरी तोकडी ठरली, पण शिजियाझुआंगला असलेल्या कोटणीसांच्या समाधीमुळे के दी-ह्वा हे नाव चीनमध्ये आजही लोकांच्या ओठांवर आहे.

आपण चिनी नावं देवनागरीत लिहितो तेव्हा फक्त उच्चार उचलतो. अर्थ आणि बांधणी तिकडेच राहते. म्हणून कुणा चिनी माणसानं तुम्हाला आपलं नाव सांगितलं, तर एक प्रश्न जरूर विचारा: कोणतं अक्षर? त्यांच्यात हे विचारणं शिष्टाचाराला धरूनच आहे, आणि आईवडिलांनी काय योजून ते नाव ठेवलं, हे उत्तरातूनच कळतं.