संकेतस्थळाचे वाचक मोजताना...

संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली, हे मोजण्याच्या प्रमुख पद्धती दोन आहेत. पहिलीत सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदी, म्हणजेच लॉग फाइल, वाचल्या जातात. 'एडब्ल्यूस्टॅट्स' हे मोफत सॉफ्टवेअर असेच चालते. यात पानावरील प्रत्येक छायाचित्रही स्वतंत्र 'हिट' धरले जाते. त्यामुळे 'हिट्स'च्या फुगलेल्या आकड्यावर न जाता 'भेटी' पाहाव्यात.

दुसऱ्या पद्धतीत पानात जावास्क्रिप्टचा लहानसा कोड बसवतात. ज्याच्या ब्राउझरने तो रोखला, तो वाचक मोजणीतून सुटतो. नोव्हेंबर २००५मध्ये सुरू झालेली 'गुगल अॅनालिटिक्स' ही सेवा याच प्रकारची. तिच्या 'युनिव्हर्सल' आवृत्तीने १ जुलै २०२३पासून सर्वसाधारण ग्राहकांच्या नव्या नोंदी घेणे थांबवले. वर्षभराने जुने आकडे पाहण्याची सोयही गेली. ज्यांनी ते उतरवून घेतले नव्हते, त्यांचा अनेक वर्षांचा हिशेब हातचा गेला.

'माटोमो', म्हणजे पूर्वीचे 'पिविक', हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. माहिती आपल्याकडेच राहते. मात्र देखभालीचा भारही आपल्यावरच येतो. तेव्हा आलेख किती आकर्षक आहेत यापेक्षा आकडे कोठे साठतात आणि ते उतरवून घेता येतात का, हे आधी तपासणे हिताचे.