‘जुना’ की ‘नवा’ : ग्लासगोच्या रेंजर्सचा वाद

ग्लासगो शहरातील काही पोरसवदा तरुणांनी १८७२ साली रेंजर्स हा फुटबॉलचा संघ काढला. पुढे सत्तावीस वर्षांनी, १८९९ साली, त्याची मर्यादित कंपनी झाली. ह्या दोन सालांमधील अंतराचा कोणी फारसा विचार केला नव्हता. संघ म्हणजेच कंपनी आणि कंपनी म्हणजेच संघ, असे धरून शंभराहून अधिक वर्षे व्यवहार चालला. २०१२ साली कंपनी बुडाली आणि त्या सत्तावीस वर्षांना एकाएकी मोल आले. संघ कंपनीच्या आधी होता, तर तो तिच्या नंतर का असू नये, असा सवाल पाठीराख्यांनी केला; आणि तो न्यायासनापेक्षा अधिक आवेशाने त्यांनी वृत्तपत्रांना केला.

प्रकरणाचे मूळ करांत होते. २००१ ते २०१० ह्या काळात रेंजर्सने खेळाडू व अधिकारी यांना न्यासांमार्फत ‘कर्ज’ ह्या नावाखाली सुमारे ४ कोटी ७० लाख पौंड दिले. हे कर्ज नव्हे, वेतनच आहे, सबब त्यावर कर भरा, असे करखात्याचे म्हणणे. हा दावा चालू असतानाच मे २०११ मध्ये सर डेव्हिड मरे यांनी आपला हिस्सा क्रेग व्हाइट यांस केवळ एका पौंडास विकला. व्हाइट यांनी बँकेचे कर्ज फेडण्यासाठी पुढील हंगामांची तिकिटे आगाऊ विकून पैसा उभा केला. आणि नोकरांच्या पगारातून कापलेला कर व व्हॅट मात्र सरकारात भरलाच नाही. ही रक्कम ९० लाख पौंडांच्या घरात गेली. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी कंपनी प्रशासकांच्या हाती गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस अवश्य वाटते. कारण ती त्या वेळी वृत्तपत्रे आणि पाठीराखे दोघांच्याही हातून निसटली. कंपनी त्या दिवशी कोसळली ती न्यासांच्या मोठ्या खटल्याने नव्हे, तर ह्या साध्या, वादातीत करांच्या थकबाकीने. मोठ्या खटल्याच्या छायेमुळे भरवशाचा गिऱ्हाईक जवळ येईना, हे खरे. परंतु छाया वेगळी आणि आघात वेगळा. मे २०१२ मध्ये बीबीसीने न्यासांतून पैसे मिळालेल्यांची माहिती दूरचित्रवाणीवर उघड केली, तेव्हा न्यायाधिकरणाचा निकाल लागावयाचा होता. निकालाआधीच शिक्षा सुनावली, हा पाठीराख्यांचा आक्षेप निराधार नव्हता. नोव्हेंबरमध्ये न्यायाधिकरणाने दोन विरुद्ध एक मताने बव्हंशी क्लबच्या बाजूने कौल दिला आणि वृत्तपत्रांनीच आमचा क्लब मारला, अशी आरोळी उठली. पुढे २०१५ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कौल फिरविला व ५ जुलै २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने करखात्याचेच म्हणणे कायम केले. तेव्हा ती आरोळी दुसऱ्या बाजूने उठली.

कंपनीच्या धनकोंत चेहरे रंगविणाऱ्या एका बाईपासून रुग्णवाहिका सेवेपर्यंत सारे होते. जून २०१२ मध्ये करखात्याने तडजोड नाकारली. कंपनीचे विसर्जन अटळ झाले. क्रीडांगण, नाव व इतर मालमत्ता चार्ल्स ग्रीन यांच्या नव्या कंपनीने ५५ लाख पौंडांस घेतली. तडजोड फसल्यास क्लबचा इतिहास व परंपरा वाहून जाईल, असे ग्रीन स्वतःच आधी बोलून बसले होते. एकशे चाळीस वर्षांचा इतिहास संपला, असे वृत्तांत आले ते ह्याच सुमारास. आणि त्या दिवसापासून ‘जुना क्लब’ व ‘नवा क्लब’ हे शब्द बातम्यांत रुळले.

हा शब्दच्छल आहे, असे दुरून पाहणाऱ्यास वाटेल. आमच्या वाचकांस तसे वाटू नये. कुशस्थळीचा श्रीमंगेश सोळाव्या शतकात प्रियोळास आला. स्थान बदलले, देऊळ बदलले, तरी देव नवा झाला असे कोणी म्हटले नाही. हिंदुस्थानातील न्यायालये तर देवतेस विधिदृष्ट्या व्यक्ती मानतात. विश्वस्त बदलले तरी देवाचे ते देवाचेच राहते. अर्थात मंगेशाने स्थान सोडले ते परकीय सत्तेच्या भयाने, करबुडव्या धन्यामुळे नव्हे. तेव्हा तुलना येथेच थांबवावी.

स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न लॉर्ड निम्मो स्मिथ यांच्या चौकशी आयोगापुढे आला. त्यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये मोठ्या नाजूकपणे भेद केला : क्लबला त्याच्या मालकाहून निराळे असे कायदेशीर व्यक्तित्व नाही, तथापि तो ओळखता येणारी वस्तू आहे, तिचा मालक बदलू शकतो आणि ती पुढे चालू राहते. मग काय विचारता! पाठीराख्यांनी उत्तरार्ध पाठ केला, प्रतिस्पर्ध्यांनी पूर्वार्ध. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच आयोगाने जुन्या कंपनीस अडीच लाख पौंड दंड केला, पण अजिंक्यपदे काढून घेतली नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये बीबीसीच्या विश्वस्त मंडळाने ‘जुना’ व ‘नवा’ क्लब ह्या शब्दयोजनेत अचूकपणा राहिला नाही, अशी तक्रार मान्य केली. एका विशेषणासाठी सामान्य प्रेक्षकांनी एवढ्या मोठ्या संस्थेस जाब विचारावा आणि त्यांची तक्रार ग्राह्य ठरावी, हे थोडके नव्हे.

परंतु ह्या चळवळीस काळी बाजूही होती. एप्रिल २०१२ मध्ये फुटबॉल संघटनेच्या त्रिसदस्य मंडळाने रेंजर्सवर खेळाडू नोंदविण्याची वर्षभर बंदी घातली. हे लोक आहेत तरी कोण, असे प्रशिक्षक ॲली मॅकॉइस्ट यांनी जाहीरपणे विचारले. नावे फुटली, आणि सदस्यांस धमक्या येऊ लागल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस हजारो पाठीराखे हॅम्पडेन मैदानावर शांतपणे मोर्चा नेऊन आले, हेही सांगितले पाहिजे. पण बातमीत धमकी मोर्च्यापेक्षा पुढे जाते, आणि तो दोष केवळ बातमीदाराचा म्हणता येत नाही.

खरे उत्तर लेखणीने नव्हे, पायांनी दिले गेले. प्रीमियर लीगच्या क्लबांनी जुलैमध्ये नव्या कंपनीस प्रवेश नाकारला. रेंजर्सला चौथ्या श्रेणीत खाली जावे लागले. १८ ऑगस्ट २०१२ रोजी ईस्ट स्टर्लिंगशरसारख्या लहानग्या संघाविरुद्धचा सामना पाहावयास इब्रॉक्सवर ४९,११८ माणसे आली. विसर्जित कंपनीचे भाग घेऊन तेथे कोणी बसले नव्हते.

शहरातील प्रतिस्पर्धी सेल्टिकच्या पाठीराख्यांना हे कधीच मान्य झाले नाही. हे वैर धर्माचे व वंशाचेही आहे : एका बाजूस प्रॉटेस्टंट, दुसऱ्या बाजूस आयर्लंडहून आलेल्या कॅथॉलिकांची संतती. २०१५ च्या जानेवारीत, उभयतांच्या लीग चषकाच्या उपांत्य सामन्यापूर्वी, सेल्टिकच्या काही पाठीराख्यांनी वर्गणी काढून ‘संडे हेरल्ड’मध्ये पानभर जाहिरात दिली. तिचा आशय असा की, जुना रेंजर्स २०१२ सालीच संपला. ही तर आमची नव्या क्लबाशी पहिलीच गाठ. एरवी वृत्तपत्रांना शिव्या देणारे दोन्ही पक्ष आपले म्हणणे खरे ठरविण्यासाठी शेवटी वृत्तपत्राचेच पान शोधीत होते, ह्याची आम्हांस गंमत वाटते.

रेंजर्स २०१६ साली वरच्या श्रेणीत परतला आणि २०२०-२१ च्या हंगामात त्याने पंचावन्नावे अजिंक्यपद मिळविले. एप्रिल २०२५ मध्ये सेल्टिकचीही पंचावन्न पुरी झाली. दोघांची बरोबरी झाली, असे वृत्तपत्रांनी छापले. सेल्टिकचे कडवे पाठीराखे मात्र अजून म्हणतात की, जुन्या रेंजर्सची गणना २०११ सालीच चोपन्नावर थांबली; तेव्हा आम्ही एकाने पुढे आहोत.